काय म्हणता? घरच्या घरी काडतुसं?

ऐकलंत का? नाही, विमानतळाची बातमी नव्हे, ती शिळी झाली. फ्लेमिंगोंचीही नव्हे. जरा जवळ या, हळू बोलते, विषयच तसा आहे. ज्या नवी मुंबईत गच्चीवर पापड वाळत घातले तरी सेक्रेटरी परिपत्रक काढतो, त्या आपल्या सभ्य, सिडकोनं आखून दिलेल्या, सेक्टरांत राहणाऱ्या शहरात भली भली माणसं सकाळच्या फेरीत काडतुसं कशी भरायची याच्या गप्पा मारतात. काडतुसं! रायफलची! उडालेल्या गोळीमागे राहिलेली पुंगळी उचलायची, साफ करायची, तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरायची, आणि हे सगळं म्हणे छंद म्हणून. शिव शिव!

बरं, बोलणारे कोण? तर बँकेतून निवृत्त झालेले एक काका. जन्मभर दिवाळीत फुलबाजीच्या पुढे गेले नाहीत. सुतळी बॉम्ब लावायची वेळ आली की हातभर लांबीची उदबत्ती शोधणारा आणि वात पेटायच्या आत जिन्याआड पोचणारा हा माणूस. घरात कुकरची शिटी बदलायची तरी कारागीर बोलावतात. ते काका नेरूळच्या ज्वेल पार्कात तळ्याकाठी उभे राहून सांगत होते, "आधी जुना प्रायमर काढायचा. मग केस रीसाइझ करायची. घाई करायची नाही." शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी फक्त 'दारू मोजून भरायची' एवढंच ऐकलं आणि त्यांचा वेगळाच गैरसमज झाला, तो निस्तरायला अजून किती दिवस लागतील देव जाणे.

नवी मुंबईला खुळांचं वावडं कधीच नव्हतं. टाळेबंदीत घराघरांत आंबवलेल्या पावाची बरणी आली. मग किमची आली, मग बाल्कनीत मातीविना मेथी आली, मग कॉफीच्या बिया घरी भाजायचं आलं आणि अख्ख्या मजल्याचे धूर सांगणारे भोंगे वाजले. हे सगळं आम्ही पोटात घातलं. पण काडतूस? खूळ घुसलं कुठून, ते सांगायला नकोच. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, आणि टेक्ससमधल्या भाच्याकडून. मराठी माणसाच्या प्रत्येक नव्या खुळामागे अमेरिकेतला एक भाचा असतो. तिथे गराजमध्ये गाडी बाहेर आणि छंद आत. भिंतीला फळी, फळीला पकडलेलं लोखंडी हत्याचं यंत्र, म्हणजे प्रेस. मामा उन्हाळ्यात तिकडे जाऊन आले, दोनदा तो हत्ता ओढून पाहिला आणि जे बिघडले ते बिघडलेच.

प्रकार आहे तरी काय, हेही ऐकून घ्या, नावं ठेवायची तर माहितीनं ठेवावीत. काडतुसात चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, जिला हे लोक प्रायमर म्हणतात, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका पडतो, ठिणगी दारूपर्यंत जाते, वायू तयार होतो आणि गोळी निघते. पितळ त्या दाबानं फुगून बंदुकीच्या कोठीला चिकटतं, पण फुटत नाही, म्हणून वायू मागे येत नाही. दाब उतरला की पुंगळी जराशी आकसते आणि बाहेर पडते. आपण ती पाहिली तर फार तर शोकेसमध्ये ठेवू. तिकडचा हौशी माणूस मात्र ती वाकून वेचतो. साच्यात दाबून मूळ मापावर आणतो, नवी टोपी बसवतो, दारू तोलतो, वर गोळी दाबतो. आणि त्याआधी पुंगळी उजळायला एक थरथरतं भांडं असतं, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा नाही तर मक्याच्या कणसाचा भरडा घालून तासन् तास घुसळतात. पितांबरीचं नावही नाही! घरातली समई वर्षभर काळी पडली तरी ज्यांना दिसत नाही, ते गृहस्थ पुंगळीच्या झळाळीवर अर्धा तास बोलतात.

दारू तोलायचं माप म्हणजे ग्रेन. एक ग्रेन ६४.८ मिलिग्रॅमचा, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. एवढ्याशा फरकानं गोळी वर लागते की खाली, यावर तिकडे लोक वह्या भरतात. आणि चूक झाली तर? दारू दुप्पट पडली तर नळी फुटू शकते, हाताची बोटं आणि डोळे त्याच बाजूला असतात. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाजही धड होत नाही. हौशी गडी 'फुसका बार' म्हणून हसतो, दुसरं काडतूस घालतो आणि मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते. म्हणून तिथले मुरलेले लोक टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात, छापील पुस्तकातल्या मापाबाहेर जात नाहीत आणि काम करताना टीव्ही लावत नाहीत. आमच्या काकांना क्रिकेट लावल्याशिवाय भाजी निवडता येत नाही, हे मी फक्त नोंदवून ठेवते.

आता खरी कुजबुज ऐका. या टोपीच्या दोन जाती आहेत. एक शोधली बॉक्सर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनानं. दोन्ही १८६०च्या दशकातल्या. आणि झालं काय, तर इंग्रजाची टोपी अमेरिकेनं उचलली आणि अमेरिकनाची टोपी युरोपनं! कुणाच्या घरचं कोण नांदवतंय याचा पत्ता नाही. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असतं, त्यातून काडी घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन बारकी भोकं, तिथे काडी जातच नाही. घरी काडतूस भरायचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे. एवढ्याशा भोकावर अख्ख्या देशाचा षौक उभा राहतो, आणि आपण म्हणतो पत्रिका महत्त्वाची.

पण मराठी मन या पितळेला भुललेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. ते भुललं एकाच वाक्याला. भाचा म्हणाला, "मामा, विकतच्यापेक्षा स्वस्तात पडतं." संपलं! त्या वाक्यापुढे आपली मंडळी काहीही करायला तयार होतात. खरं तर तिकडचे जुनेजाणते स्वतःच हसत सांगतात की पैसे काही वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या उडतात इतकंच. शिवाय प्रेस, साचे, तराजू, कॅलिपर, भांडं, पुस्तकं. हे म्हणजे घरी केलेली चकली स्वस्त पडते म्हणून आधी गिरणी विकत घेण्यासारखं.

एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण सीवूड्सच्या एका गृहस्थांनी म्हणे भाच्याला विचारलं, "येताना बॅगेत प्रेस आणशील का?" इथे मात्र माझ्या हातातला चहाचा कप थांबला.

अहो, भारतात आहोत ना आपण? १९५९चा शस्त्र कायदा नावाची काही गोष्ट आहे. त्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा, करमणूक होईल. बाँब, काडतुसं वगैरे आहेतच, पण पुढे जाऊन तो कायदा दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा दारूगोळ्यातच मोजतो. म्हणजे टेक्ससच्या गराजमध्ये जे लोखंडी खेळणं आहे, ते आपल्या डायनिंग टेबलाला स्क्रूनं बसवलं की कायद्याच्या लेखी टेबलावर दारूगोळा ठेवला. एक दाणा दारू नाही, एक गोळी नाही, तरी! बाळगायला कलम ३ आडवं येतं, बनवायला कलम ५, परदेशातून आणायला कलम १०. प्रत्येकाला परवाना हवा, आणि बंदूक बाळगायचा परवाना खिशात आहे म्हणून दारूगोळा बनवायची मुभा मिळाली असं होत नाही. २०१९ला कायदा आणखी कडक झाला. एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच. आणि परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवला तर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. 'स्वस्तात पडतं' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब धरला होता का?

आपल्याकडे परवान्याचं काम पोलिस आयुक्तालयाकडे, सीबीडी बेलापूरला. तिथे परवाना मागायला गेलात तर कशासाठी हवा, कुठे ठेवणार, चालवायचं शिक्षण घेतलंत का, असे सगळे प्रश्न रीतसर विचारतात. २०१६च्या नियमांनी ते शिक्षणही आवश्यक केलं. परवाना राष्ट्रीय नोंदणीत चढतो, त्याला क्रमांक मिळतो, विकत घेतलेल्या काडतुसांची नोंद होते. स्फोटक द्रव्यांचं खातं आणखी वेगळं, त्याचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात. सीवूड्सच्या गृहस्थांना मी विचारलं, यातल्या कुठल्या खिडकीवर जाऊन तुम्ही 'छंद' हा शब्द उच्चारणार आहात? तर म्हणाले, "सोसायटीची एनओसी लागेल का?" सोसायटीची! आमच्या इथे कुत्रा पाळायला एनओसी मिळता मिळत नाही.

आणि कुणी तिकडून आठवण म्हणून एखादी पुंगळी आणायच्या विचारात असेल, तर तीही नको. विमानतळावर सामानात काडतूस सापडलं म्हणून अडकून पडलेल्यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. 'रिकामी आहे हो' हे वाक्य एक्सरेच्या पडद्यापुढे उभं राहून पटवायची हौस असेल त्यांनी आणावी. आता तर विमानतळ उलव्यालाच आहे, सोडवायला येणाऱ्या नातेवाइकांना लांब पडणार नाही, एवढीच काय ती सोय.

गंमत बघा, दारूगोळ्याची एवढी ओढ असलेल्या या मंडळींना हे माहीत नाही की मराठी मुलुखात हा उद्योग दीडशे वर्षांहून जास्त काळ चालतोय. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं असतात, ती त्याच खडकीची. शिकारीच्या दिवसांत आजोबांची बंदूक होती म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या घरांत ही काडतुसं पाहिलेली माणसं अजून आहेत. भुसावळजवळच्या वरणगावात दुसरा कारखाना, तिथे लष्करी रायफलींची काडतुसं होतात. २०२१च्या १ ऑक्टोबरला सरकारनं या कारखान्यांच्या कंपन्या केल्या, आणि दारूगोळ्याची जी कंपनी झाली तिचं मुख्यालय पुण्यातच. पण खडकीचं नाव काढलं की यांना फक्त ट्रॅफिक आठवतो. घरचं ते फिकं, गराजमधलं ते गोड.

आता मुख्य फजिती सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल की हे खूळ पायावरच कसं डळमळतंय. काका म्हणतात, "अहो, स्वप्निल कुसाळेनं पदक आणल्यापासून माझ्या डोक्यात आहे." बरोबर. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, कांस्य. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत टीसी. त्या दिवशी आपण सगळेच टीव्हीसमोर 'गुडघ्यावर, पोटावर, उभं' असं काहीतरी पुटपुटत होतो. त्याआधी २०१०ला म्युनिकमध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं, ६०० पैकी ५९७. सगळं खरं. पण या प्रकारात जे काडतूस वापरतात ते .२२चं. आणि त्याला वेगळी टोपीच नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच ओतलेला असतो. ठोका त्या काठावर पडतो आणि काठ चेचला जातो. ते एकदा उडालं की संपलं, त्यात पुन्हा काही भरता येत नाही. म्हणजे ज्या पदकानं काकांना हे वेड लावलं, त्या पदकाच्या पुंगळ्या अमेरिकेतल्या भाच्यालाही भरता येणार नाहीत! मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. बराच वेळ बांधत होते.

मग या हौसेचं काय होतं? हौस कुठे मरते? ती पनवेलला जाते.

पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताई म्हणजे २००४च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज, त्याच वर्षी आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण करणाऱ्या. पॅरालिंपिकमध्ये टोकियोला आणि मग पॅरिसलाही सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा त्यांच्याच हाताखाली तयार झाली. पलीकडे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ला कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्याच कामगिरीनं देशाला पॅरिसची जागाही मिळाली, आणि मग निवड चाचण्यांनंतर विमानात बसले दुसरे! त्यावर तर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जी चर्चा झाली, ती वेगळ्या लेखाचा विषय आहे. सांगायचं एवढंच, की खाडीच्या अलीकडे-पलीकडे पोराला स्केटिंगऐवजी एअर रायफलला घालणाऱ्या आईबापांची जमात वाढलीय.

एअर रायफलमध्ये दारू नाही, टोपी नाही, पुंगळी नाही. दाबलेली हवा आणि ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. कंबर बारीक, पुढचं तोंड सपाट, मागे परकरासारखा घेर. स्पर्धेतल्या एअर रायफलचा जोर कायद्यानं सूट दिलेल्या २० ज्यूलच्या निम्म्याहून कमी, म्हणून तिला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. मग भरायचं काय? काहीच नाही. पण ज्याच्या अंगात ते वारं शिरलंय, तो स्वस्थ बसतो का? तो छर्रे तोलतो!

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खारघरचं एक घर. रात्रीची जेवणं झालेली. डायनिंग टेबलावर पाचशे छर्ऱ्यांची चपटी गोल डबी, शेजारी मिलिग्रॅम दाखवणारा खिशातला तराजू, पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचा आकडा हलतो म्हणून बंद. मे महिना. चिमट्यानं एक छर्रा उचलायचा, पारड्यात ठेवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. ०.५३०. इडलीच्या साच्यात खण केलेले, त्यातल्या तिसऱ्या खणात. पुढचा ०.५३२, चौथ्या खणात. वडील तोलतायत, आई वहीत लिहितेय, आजी पंख्याकडे बघतेय. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो चिरंजीव आतल्या खोलीत मोबाइलवर गोळ्या झाडतोय. तिथल्या गोळ्यांचं वजन कुणी विचारत नाही.

वडिलांना विचारलं, यानं गुण वाढतात का? म्हणाले, "डोक्याचं मापही बघावं लागतं. ४.४९, ४.५०, ४.५१. आपल्या नळीला कुठलं मानवतं ते महत्त्वाचं." खरं आहे तसं. मोठे नेमबाज छर्ऱ्यांच्या आणि .२२च्या काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात, रायफल शिकंज्यात पकडून, माणसाचा हात मध्ये न येऊ देता, आणि ज्या खेपेची भोकं एकात एक पडतात ती खेप घाऊक उचलतात. त्यात अर्थ आहे. कारण १० मीटरवरच्या त्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बघा एकदा फूटपट्टी काढून. वर दशांशातही गुण, १०.९पर्यंत. साठ नेम, सव्वा तासात. अंगात कातडी-कॅनव्हासचं ताठ जाकीट, हातात साडेपाच किलोच्या आतली रायफल. पण ज्याचे नेम आज आठ आणि नवाच्या घरात हेलकावे खातायत, त्याचा छर्रा दोन मिलिग्रॅम जड होता म्हणून नेम चुकला, हे ऐकून शिशालाही हसू येईल. नेमबाजीचे गुरू दोन वर्षं नुसतं उभं राहायला, श्वास सोडायला आणि चाप हळू दाबायला शिकवतात. पण उभं राहणं तराजूत तोलता येत नाही ना, म्हणून आईबापांना ते पटत नाही.

तरी मी या तोलणाऱ्यांना माफ करते. त्यांच्या घरात कुणाचा हात उडत नाही. फार तर इडल्या होत नाहीत.

पण माझा खरा राग वेगळाच आहे, आणि तो आता सांगूनच टाकते. हे सगळे लोक अमेरिकेकडे बघून तोंडात बोटं घालतात, आणि यांतल्या निम्म्यांचं गाव कोकणात! कणकवली, देवगड, राजापूर, लांजा. मे महिन्यात सहकुटुंब जातात, आंब्याच्या पेट्या भरतात आणि परत येतात. त्या घराच्या माजघरात कोपऱ्यात ठासणीची बंदूक उभी असते, ती यांनी पाहिलेली नसते. पाहिली तरी 'जुनी आहे' म्हणून फोटो काढून सोडून दिलेली असते.

अहो, ती बंदूक म्हणजे प्रत्येक बार हातानं भरायचा! शेतीच्या संरक्षणाचा परवाना असतो, रीतसर, वर्षानुवर्षांचा. रानडुक्कर भातात शिरतं, वानरं नारळ आणि केळी ओरबाडतात, गवे रात्रीत शेत तुडवून जातात. तिथे शेतकरी काय करतो? नळीच्या तोंडातून काळी दारू ओततो. वर काथ्याचा नाही तर चिंधीचा बोळा, गजानं ठासतो. मग छर्रे, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. बुडाशी घोड्याखालच्या बोंडीवर केप, म्हणजे टोपी, चढवतो. एक बार तयार. झाडला की पुन्हा पहिल्यापासून. डुक्कर काही दुसऱ्या बाराची वाट बघत थांबत नाही, म्हणून बहुतेक वेळा हा बार हवेतच, आवाजासाठी. पावसाळ्यात दारूला सर्द हवा लागली की केप टच्च वाजते आणि पुढे काही नाही. असा बार फुसका गेला की घरातल्या बायका आतून जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. काळ्या दारूचा मळ नळीत धरतो, गरम पाण्यानं धुवावा लागतो, लगेच तेल लावावं लागतं, नाही तर कोकणातल्या हवेत आठवड्यात गंज. कुणी व्हिडिओ करत नाही याचा. थरथरतं भांडं नाही, कॅलिपर नाही, ग्रेनचा तराजू नाही.

आणि निवडणूक आली की? परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करा. २०१९ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला, २०२४ला २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा भात कापणीला आलेलं किंवा खळ्यात पडलेलं. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. शेतकरी दरवेळी अर्ज देतात, शेतीसंरक्षणाच्या बंदुका तरी वगळा म्हणतात, पेपरात बातमी येते. या सगळ्यावर ज्वेल पार्कात कुणी चकार शब्द काढल्याचं मी ऐकलेलं नाही. टेक्ससमधला भाचा पुंगळी भरतो तेव्हा तो 'पॅशन', आणि देवगडचे चुलते बार ठासतात तेव्हा 'काय हे गावठी'! आपला तो बाब्या, असं म्हणायलाही जागा नाही, कारण इथे आपला तोच कार्टा ठरलाय.

मी नेरूळच्या काकांना हे सगळं सुनावलं. तेव्हा कळलं की त्यांच्या स्वतःच्या चुलत्यांकडे अशी बंदूक होती, आणि लहानपणी गज आणून द्यायचं काम यांच्याकडे होतं. "मग तेव्हा का नाही लागला हा नाद?" तर म्हणाले, "तेव्हा कान दुखायचे."

असो. खूळ आहे, उतरेल. उतरेपर्यंत एवढं करा. कुणी परदेशातून प्रेस मागवली असेल तर आज रात्रीच भाच्याला फोन करून नको म्हणून सांगा, त्याच्या गराजमध्येच राहू द्या. अगदीच हात शिवशिवत असतील तर पनवेलला नाही तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जा आणि रीतसर शिका. पोरांचे छर्रे तोलत असाल तर पंखा लावा, आजी उकाड्यानं हैराण आहेत. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळीला कुणी हात लावायचा नाही, पोरांनीही नाही आणि त्यांच्या बापांनीही नाही.